कलमकाका

लग्नघरात रुसणारी आत्या असते, तसे एक कलमकाकाही असतात. वकील नव्हेत. एलएलबीचं पहिलं वर्ष झालं आणि जिल्हा परिषदेत नोकरी लागली. राहिलेल्या वर्षांचा अभ्यास ते निवृत्तीनंतर नातेवाइकांवर करतात. एरवी त्यांना कुणी अक्षता वाटायचंही काम देत नाही. त्यांचा दिवस उजाडतो तो कार्यालयवाल्याचा फोन येतो तेव्हा: "साहेब, तारीख चुकून दोघांना दिली गेली. तुमचा ॲडव्हान्स घेऊन जा."

पत्रिका वाटून झालेल्या. वधूची आई मटकन खाली बसते. काका चष्मा पुसतात.

"कार्यालय जळालंय का?"

"नाही हो!"

"पालिकेनं सील केलंय?"

"नाही."

"मग उत्तम!"

कारण जळालं असतं, तर १८७२च्या करार कायद्याचं कलम ५६ आडवं आलं असतं. करारच संपला; कलम ६५खाली भरलेले पैसे परत, भरपाईचं नाव नको. मग लंडनचं सरे गार्डन्समधलं संगीतगृह कसं जळालं आणि १८६३ साली मालक कसा सुटला, हे केळवणाच्या ताटावर ऐकावं लागतं. श्रीखंड पातळ होईपर्यंत.

इथे मात्र सरळ करारभंग. कलम ७३. दुसऱ्या हॉलचं जादा भाडं, नव्या पत्रिकांची छपाई, सगळं मागता येतं. वधूपिता पावतीवरची ओळ दाखवतात: 'भरलेली रक्कम परत मिळणार नाही.' काका हसतात. "ते तुम्ही लग्न रद्द केलंत तर. शब्द त्यानं मोडला आणि पैसेही त्यानंच ठेवायचे?" हे अगदी बरोबर असतं, आणि म्हणूनच घरच्यांना जास्त राग येतो.

पुढचा मुक्काम ग्राहक आयोग. आपल्याच जिल्ह्यात तक्रार, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. "आणि वकील लागत नाही," असं म्हणून काका सगळ्यांकडे आळीपाळीनं बघतात. कुणीच काही बोलत नाही.

तोवर वहिनींनी फोन करकरून नदीपलीकडचा एक हॉल मिळवलेला असतो, चाळीस हजारांनी महाग. "शाब्बास! याला नुकसान आटोक्यात ठेवणं म्हणतात. ते केलं नसतं तर भरपाईला कात्री लागली असती," काका म्हणतात. वहिनी त्यांच्याकडे एकदा नुसत्या बघतात.

नोटीस गेल्यावर कार्यालयवाला स्वतः घरी येतो. ॲडव्हान्स आणि वर पंचवीस हजार टेबलावर ठेवतो. काका नेमके झेरॉक्सच्या दुकानात. तीन संच घेऊन परततात, तर वधूपित्यानं 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, तक्रार नाही' यावर सही करून त्याला चहाही पाजलेला.

"अहो, पंधरा हजार राहिले की! निदान 'हक्क राखून' एवढं तरी लिहायचंत!"

झेरॉक्सचे पैसे आता कोणाकडे मागायचे, हे मात्र कुठल्याच कलमात बसत नाही.