डावं की उजवं?

आमच्या आतोबांना माणसं आधी ऐकू येतात, मग दिसतात. कॉव्हेंट्रीला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा दार उघडण्याआधीच आतून आवाज आला, "बॅगेचं उजवं चाक गेलंय तुझ्या. कोरडं फिरतंय." मग दार उघडलं.

मूळचे मिरजेचे. तंबोरे करणाऱ्यांच्या शेजारात वाढलेले, त्यामुळे जवारी लावताना भोपळ्याशी कान देऊन बसलेली माणसं लहानपणापासून पाहिलेली. पुढे डॉक्टर झाले तेही छातीचे. तीस वर्षं इंग्रजांच्या फुप्फुसांतली घरघर ऐकली आणि निवृत्त झाल्यावर स्टेथोस्कोप रिकामा पडू नये म्हणून १९७२ सालची एमजीबी जीटी विकत घेतली. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात एमजीबी पाच लाखांच्या वर बाहेर पडल्या. पण आतोबा बोलायला लागले की वाटतं, ही एकच बनवून त्यांनी साचा मोडला असावा.

"मी खोकले तर पॅरासिटमॉल घे म्हणून मोकळे होतात," आत्या म्हणते. "गाडी खोकली की रात्रभर झोप नाही."

मी गेलो त्या आठवड्यात गाडीला मागून 'गुं' लागला होता. ताशी तीस मैलांच्या पुढे सुरू व्हायचा आणि वेगाबरोबर चढत जायचा. मला ऐकायला मागच्या सीटवर बसवलं. म्हणजे जिथे सीट आहे असं कारखान्याने लिहून दिलंय तिथे. गुडघे हनुवटीला आणि कान चाकाच्या कमानीला.

"सांग, खर्ज की पंचम?"

"आतोबा, मला पेट्रोलचा वास येतोय."

"तो नेहमीचा. आवाजाचं बोल."

तपासणी मात्र अगदी पद्धतशीर चालली होती, हे कबूल केलं पाहिजे. चालत्या गाडीचा गिअर न्यूट्रलला आणला, इंजिन मंदावलं, गुं तसाच. म्हणजे इंजिन निर्दोष. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला. डिफरन्शियल असतं तर सूर बदलला असता, बदलला नाही. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर आलो, पुढचे टायर मागे घातले, मागचे पुढे. गुं जागचा हलेना. उरलं चाकाचं बेअरिंग. पण कुठलं? या गाडीची मागची दोन्ही चाकं एका सलग पोलादी ॲक्सलवर बसलेली. डाव्याची घरघर त्यातून उजव्यापर्यंत जाते आणि दोन्हीकडून सारखीच ऐकू येते.

गाडी जॅकवर चढवली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ॲक्सलला, मूठ आतोबांच्या कानाला आणि चाक फिरवायला मी. डावं फिरवलं की डिफरन्शियलच्या कृपेने उजवं उलटं फिरायचं. अंगावर गाडीचं वजन नसल्यामुळे दोन्ही चाकं साळसूद, गप्प.

"भार पडल्याशिवाय बोलायची नाहीत," आतोबा म्हणाले.

भार टाकायची युक्ती सोपी आहे. गाडी उजवीकडे वळली की कलते डावीकडे, वजन डाव्या चाकांवर येतं आणि डावं बेअरिंग खराब असेल तर ते ओरडतं. आतोबांनी मला जवळच्या गोल चौकात नेऊन पाच प्रदक्षिणा घातल्या. गुं स्पष्ट वाढला. मी म्हटलं, "झालं. डावं."

"उजवं कुठे ऐकलंस?"

इथे खरी मेख होती. इंग्लंडात वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे गोल चौकाला वळसा उजवीकडूनच पडतो. म्हणजे तिथला प्रत्येक गोल चौक फक्त डाव्या चाकाची जबानी घेतो. आत्या म्हणाली, "अहो, साधी डावी वळणं नाहीत का या देशात?"

"आहेत. पण संपतात. सूर लागेपर्यंत रस्ता सरळ होतो." मग माझ्याकडे वळून, "डाव्या फुप्फुसात घरघर ऐकली म्हणून उजवं न ऐकता कोणी औषध लिहून देतं?"

पुढच्या शनिवारी दोघं डोव्हरहून फेरीने कॅलेला गेले. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून, गोल चौक उलटा. वजन उजव्या चाकांवर. गुं जवळजवळ नाहीसा. उजवं बेअरिंग निर्दोष सुटलं.

"पस्तीस वर्षं पॅरिस दाखवतो म्हणत होते," आत्याने मला फोनवर सांगितलं. "कॅलेचा चौक दाखवला. अकरा वेळा."

परत येऊन गाडी दारात वळत होती, तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणापाशी गुलाब छाटत होते. गावातल्याच मोटार कारखान्यात हयात काढलेला माणूस. मान वर न करता म्हणाले, "मागचं डावं." आतोबा तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलावंच लागलं, कारण हबचा नट दीडशे फूट-पौंडांनी आवळलेला असतो आणि तेवढा लांब पान्हा त्यांच्याकडेच होता.

बेअरिंग बदललं. गाडी अगदी गप्प झाली. आतोबाही. जुनं बेअरिंग घासूनपुसून त्यांच्या टेबलावर ठेवलंय. पाहुणा आला की चहाआधी ते त्याच्या कानाशी धरून बोटाने फिरवतात.

परवा पुण्याहून फोन केला, गाडी कशी आहे म्हणून विचारलं.

"ठीक आहे," ते मलूल आवाजात म्हणाले. मग एकदम, "थांब. बोलू नकोस. मागे काय वाजतंय?"

"पंखा असेल."

"छताचा?"

"हो."

"बेअरिंग आहे," आवाजात जीव आला होता. "उलटा फिरवता येतो का तो?"