गुरुजींचा बायोडेटा

परदेशातल्या शिक्षणतज्ज्ञांना म्हणे एक काळजी लागून राहिली आहे. शिक्षक आयुष्यभर शाळेच्या चार भिंतींत राहतो, बाहेर जगात काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो, मग तो मुलांना त्या जगासाठी तयार कसा करणार? अमेरिकेत यावर उपाय म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांना काही दिवस कारखान्यात, बँकेत, प्रयोगशाळेत पाठवतात. त्याला 'एक्स्टर्नशिप' असे भारदस्त नाव आहे आणि बऱ्याच ठिकाणी वर मानधनही मिळते.

महाराष्ट्राने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. इथे वर्गाबाहेरच्या अनुभवासाठी गुरुजींना सुटीची वाट पाहावी लागत नाही. वाट पाहावी लागते ती वर्गात जायला मिळण्याची.

पंधरा-सोळा वर्षे सेवा झालेल्या कुठल्याही जिल्हा परिषद शिक्षकाचा बायोडेटा काढून बघा, एखादा सनदी अधिकारीही लाजेल. सुरुवात २०११ च्या जनगणनेपासून. पुढे हागणदारीमुक्तीच्या दिवसांत काही तालुक्यांत गुरुजी 'गुड मॉर्निंग पथका'बरोबर पहाटे शिट्टी घेऊन हिंडले. ज्या पालकाला संध्याकाळी 'मुलाचा अभ्यास घेत जा' म्हणून सांगायचे, त्याच पालकाला पहाटे झुडपाआडून उठवायचे, हा संवादकौशल्याचा केवढा मोठा पाठ! नोव्हेंबर २०१६ मध्ये छायाचित्रणाची भर पडली. गळती रोखण्यासाठी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून तो 'सरल' या शासकीय संगणक प्रणालीवर चढवावा, असा शासन निर्णय निघाला. गैरहजर मूल सेल्फीत दिसणार नाही, सबब ते गैरहजर आहे हे शासनाला कळेल. हजेरीपटावरून हे कळत असे, पण त्यात शास्त्रीयता नव्हती.

करोनात बायोडेट्याला वैद्यकीय पान जोडले गेले. नाक्यावरच्या चेकपोस्टवर उभे राहणे, रेशन दुकानात रांग लावणे, सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणे. २०२३ मध्ये निरक्षरांचे सर्वेक्षण आले. त्यावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचे घरोघरी सर्वेक्षण आले आणि गुरुजी मोबाइलवरची लांबलचक प्रश्नावली घेऊन उंबरे झिजवू लागले. त्याच वर्षी लोकसभा, त्याच वर्षी विधानसभा. त्यापाठोपाठ प्रत्येक मुलाचा 'अपार' आयडी. आधी आधार जुळवा, जुळत नसेल तर पालकाला तालुक्याला पाठवा, आणि तेवढे करूनही जुळले नाही तर पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत मूल धरले जात नाही. म्हणजे मूल बाकावर बसलेले असते, पाढे म्हणत असते, पण ते नसते.

इतर राज्यांनी आणखी वेगळी विशेषज्ञता जोपासली आहे, हे मान्य करायला हवे. मे २०२० मध्ये आंध्र प्रदेशात दारूची दुकाने उघडली तेव्हा विशाखापट्टणमकडे रांगांना शिस्त लावायला शिक्षक नेमले गेले. त्याच वर्षी जानेवारीत उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगरमध्ये सामूहिक विवाहात नवऱ्या मुलींना सजवण्याची ड्युटी शिक्षिकांच्या नावे निघाली. बोभाटा झाल्यावर आदेश मागे घेतला गेला. बिहारात २०२१ मध्ये पोषण आहाराची रिकामी पोती विकून पैसे जमा करण्याचे फर्मान मुख्याध्यापकांना सुटले. दर ठरला पोत्यामागे दहा रुपये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २७: शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. अपवाद तीनच. दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. वाचायला कसे मोजके वाटते! पण ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, विधानसभा आणि लोकसभा अशी उतरंड रचली की निवडणूक नसलेला काळ शोधायला स्वतंत्र सर्वेक्षण लागेल. मतदार यादीचे काम सुटीच्या दिवशी आणि अध्यापन नसलेल्या वेळेत द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगून ठेवले आहे. तहसील कार्यालयातून येणाऱ्या पत्रावर मात्र 'तातडीचे' हा एकच शिक्का असतो आणि खाली 'कारणे दाखवा'ची प्रेमळ आठवण.

ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या कामांची रीतसर वर्गवारी केली: शैक्षणिक, अशैक्षणिक आणि अनिवार्य. एवढा तिसरा रकाना काढल्यामुळे पहिल्या दोहोंतला वाद आपोआप मिटला.

या कामांना गमतीचे म्हणून सोडून देता येत नाही, याचे कारण उत्तर प्रदेशात आहे. तिथे एप्रिल २०२१ मध्ये ऐन दुसऱ्या लाटेत पंचायत निवडणुका झाल्या. ड्युटीवर लागण होऊन गेलेल्यांची यादी शिक्षक संघटनेने दिली. त्यात १,६२१ नावे होती. शिक्षण खात्याने आधी सांगितले, तीन. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत जो गेला तोच ड्युटीवर गेला, असा हिशेब होता. विषाणूला नियमावली पाठवायची राहून गेली असावी. ओरड झाल्यावर निकष बदलावे लागले.

आपल्याकडची एखाद्या वाडीवरची द्विशिक्षकी शाळा घ्या. पहिली ते चौथी, पट तेवीस. एक गुरुजी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणारे, त्यांची आज तहसीलला बैठक. उरल्या बाई. त्या तांदूळ मोजताहेत: मुलामागे शंभर ग्रॅम, म्हणजे दोन किलो तीनशे. मग उपस्थितीची नोंद मोबाइलवर. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते, म्हणून बाई टाकीपाशी. तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा ग्रुपवर निरोप: 'सोबतचे प्रपत्र आजच दुपारी दोनपर्यंत भरून द्यावे, माहिती नसल्यास निरंक कळवावे.' पहिलीतला एक जण टाकीपर्यंत येऊन विचारतो, 'बाई, नऊनंतर काय?' बाई म्हणतात, 'थांब, ओटीपी येतोय.'

एवढा अनुभव गाठीशी असल्यावर बढत्यांचा पाऊस पडला पाहिजे. तसे काही नाही. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. तीही वीस टक्क्यांनाच. दोन्हींसाठी प्रशिक्षण हवे. २०२२ मध्ये ते ऑनलाइन झाले आणि त्याचे दोन हजार रुपये शुल्क गुरुजींच्याच खिशातून गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. चेकपोस्टचे तास त्यात धरत नाहीत. मतदार यादीचे प्रपत्र सात भरताना विधवा बाईला 'यांचे नाव वगळायला मृत्यूचा दाखला दाखवता का' असे कोणत्या शब्दांत विचारायचे, हे जो शिकला, त्याला त्याचे शून्य गुण.

उलट १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावे, नाहीतर घरी जावे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीवाचून बढती नाही. तेव्हा वीस वर्षे शिकवलेले, आणि उरलेला वेळ शासनाची कामे केलेले, गुरुजी आता रात्री बालमानसशास्त्राचे पुस्तक घेऊन बसले आहेत. खुल्या गटाला दीडशेपैकी नव्वद गुण हवेत. मानाची मात्र कमी नाही. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने डॉक्टर-वकिलांप्रमाणे शिक्षकांनाही नावाआधी 'टीचर'चे 'टि' लावण्याची मुभा दिली आहे.

प्रश्न उरतो, गुरुजीच का? तलाठ्याकडे चार-पाच गावे, ग्रामसेवकाचे तेच. प्रत्येक वाडीवर हमखास सापडणारा, अक्षर बरे असलेला, गावाने घरात घेतलेला आणि नाही म्हणू न शकणारा सरकारी माणूस एकच. शिवाय स्वस्त. बीएलओचे वार्षिक मानधन सहा हजारांवरून बारा हजार झाले ते २०२५ मध्ये, म्हणजे आता महिन्याला हजार रुपये. या दरात दुसरा माणूस नेमून दाखवावा. रिकामी पदे भरली तर हा सगळा उद्योग महाग पडेल. मुलांचा बुडालेला तास कुठल्याच लेखाशीर्षाखाली येत नसल्याने तो फुकट पडतो. ही व्यवस्था चुकून झालेली नाही, परवडते म्हणून चालू आहे.

आता २०२७ ची जनगणना आहे. २०२१ ची राहून गेली, त्यामुळे हा अनुभव सोळा वर्षांनी मिळणार. या वेळी मोबाइलवर आणि जातीच्या रकान्यासह. गुरुजी तुमच्या दारात येतील तेव्हा खरी माहिती द्या, पाणी विचारा. आणि तो शाळेचा दिवस असेल, तर वर्गावर कोण आहे हेही विचारा. उत्तर ऐकून घ्या आणि ते गुरुजींना न सुनावता आमदारांना सुनावा.