दीडपट वेगाने वैराग्य

नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला. तेव्हा पॉडकास्टवर अध्यात्म ऐकणाऱ्यांना नावं ठेवायला जागा नाही. विनोबांची गीताप्रवचनंही १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांनी आधी कानांनीच ऐकली. फरक एवढाच, की त्यांना विनोबांना दीडपट वेगाने पळवता येत नव्हतं. आता वैराग्य ऐन रंगात येतं, मध्येच गादीची जाहिरात लागते आणि मग पुन्हा आसक्ती सोडायची. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप निघाला; पण कानात ध्यानधारणेचा भाग चालू असला की मंडळी त्याच्या बाजूने गाडी दामटत निघून जाणार.

कुणी म्हणेल, रोवणीला वाकलेल्या बाईला, डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्याला पोथी कोण वाचून दाखवणार? कबूल, त्यांच्यासाठी मोबाइल हेच कीर्तन. पण निरक्षरांपर्यंत तुकडोजी महाराजांची खंजिरीही पोहोचली होतीच, आणि त्या भजनामागोमाग हातात खराटा यायचा. ग्रामगीता गावसफाई सांगते. इथे शेवटी फक्त सबस्क्राइब करायला सांगतात. ऐकणाऱ्या एकानेही उठून दारापुढची नाली उपसली, तर तक्रार मागे. तोवर पुढचा भाग येत्या गुरुवारी.