तीन खडू

आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात कायम तीन खडू असतात : हिरवा, पिवळा आणि लाल. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे रिवर्क, लाल म्हणजे रिजेक्ट. पिरंगुटच्या एका कंपनीत त्यांनी ३१ वर्षं ‘क्वालिटी’ला काढली. निरोपाच्या दिवशी कंपनीनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन आप्पांना मोकळं केलं. आप्पांनी कंपनीला केलं नाही. घड्याळ दिवसाला ४० सेकंद मागं पडतं, हे त्यांनी त्याच आठवड्यात शोधलं आणि काचेवर पिवळी रेघ ओढली.

तेव्हापासून पौडच्या अलीकडच्या आमच्या गावात कुठलीही वस्तू तपासणीशिवाय वापरात येत नाही. काकींच्या कुकरच्या रिंगेवर पिवळा, नव्या विळ्यावर हिरवा, देवळाच्या जीर्णोद्धाराला आलेल्या पहिल्या ट्रकभर विटांवर लाल. पुतणीला आलेल्या एका स्थळाच्या बायोडाटावर, मुलाच्या फोटोशेजारी, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘मापं बरोबर, फिनिशिंग कमी.’ बायोडाटा परत न्यायला आलेल्या मध्यस्थानं ते वाचलं आणि चहा न घेताच गेला.

पण आप्पांचा खरा हात बसलाय तो बंदुकीवर.

मुळशीत बंदूक काही नवलाची नाही. भाताला लोंब्या धरल्या की रानडुकरं डोंगर उतरतात आणि एका रात्रीत आंबेमोहराचं खाचर असं लोळवतात, की सकाळी तिथं कुस्त्यांचा फड झाला होता असं वाटावं. त्यामुळे कुणाकडे आजोबाची ठासणीची, कुणाकडे बारा बोरची, आणि परवान्यावर कारण ‘पीक संरक्षण’. आप्पांकडे वडिलांपासून आलेली रायफल आहे : तीनशे पंधरा. हिला तीनशे पंधरा का म्हणतात, हे विचारण्याची चूक गावात फक्त नवा जावई करतो. मग त्याला ऐकावं लागतं, की इंग्रजांच्या पलटणीची बंदूक ‘थ्री नॉट थ्री’. तीच रयतेच्या हाती दिली तर पलटणीतून पळवलेलं काडतूस गावातही चालेल, ही साहेबाची धास्ती. म्हणून शिकारीच्या रायफलीला मुद्दाम निराळं, आठ मिलिमीटरचं काडतूस. साहेब गेला, कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या फॅक्टरीत ही रायफल पुढंही बनत राहिली. ढाचा पलटणीच्या ली-एनफिल्डचा, काडतूस मात्र वेगळं ते वेगळंच.

‘‘म्हंजी बघा पावणं,’’ आप्पा समारोप करतात, ‘‘सरकारनं आपल्यावर इश्वास न ठेवता बनवलेली ही वस्तू, आन् तीच लय इश्वासाची निघाली.’’

तपासणी अंगणात चालते, घोंगडी अंथरून. आधी मॅगझिन काढायचं, बोल्ट मागं ओढायचा, आत डोळ्यानं बघायचं आणि मग करंगळीनंही चाचपायचं. ‘‘रिकामी बंदूक जगात नसती,’’ हे आप्पांचं पहिलं सूत्र. नळीचं तोंड माणसाकडं वळलं तर ते समोरच्या सरपंचालाही शिव्या घालतात. मग बोल्ट पूर्ण बाहेर. मागच्या बाजूला अंगठ्याचं नख धरायचं, नखावरून उजेड नळीत सोडायचा आणि पुढून डोळा लावायचा. आतले पिळाचे आटे धारदार दिसले पाहिजेत आणि उजेडाची कडी सगळीकडून सारखी. कुठं काळं वलय दिसलं, तर तिथं नळी कधीतरी फुगलेली आहे. ‘‘माणसाचं पोट सदऱ्याखाली झाकतं, नळीचं न्हाई.’’

त्यानंतर बोल्टचा नंबर आणि बॉडीचा नंबर. ते जुळलेच पाहिजेत. कारण बोल्ट ज्या बॉडीत घासून बसवला, तिच्याशीच त्याचं जमतं. काडतूस मागं टेकतं तिथली फट गेजनं बघायची : ‘गो’ गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, ‘नो-गो’वर मिटता कामा नये. हे गेज हातात आलं की आप्पांचा चेहरा सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखा होतो. जगातल्या सगळ्या प्रश्नांना दोनच उत्तरं असावीत आणि ती पोलादाची असावीत, असं त्यांचं मत आहे.

सगळ्यात शेवटी चाप. या जातीच्या चापाला दोन पायऱ्या असतात : पहिली सैल, मग एक थांबा, मग सुटका. ‘‘वालाची वाळकी शेंग मोडावी तसा सुटला पायजे. रबरावाणी ताणला, रिजेक्ट. आन् ध्यानात ठेव, चाप वढायचा नसतो. दाबायचा. आपल्याला कळायच्या आत सुटला पायजे.’’ चापाचा जोर मोजायला त्यांनी एकदा काकींची दुधाची किटली त्याला टांगली आणि तांब्यातांब्यानं पाणी ओतत गेले. आकडा काय आला ते त्यांच्या वहीत आहे. किटलीची कडी वाकली ते काकींच्या लक्षात आहे.

या अधिकारामुळे लांबलांबची माणसं आप्पांकडे येतात. मागं भूगावच्या बाजूचा एक गुंठामंत्री आला. रस्त्याला लागलेली जमीन विकली, फॉर्च्युनर घेतली, गळ्यात साखळी घातली, आणि एवढं करूनही काहीतरी राहिल्यासारखं वाटलं म्हणून रीतसर परवाना काढून युरोपातली जुनी रायफल घेतली. बाहेरून बंदुका येणं बंद होऊन दशकं लोटली, त्यामुळे असल्या जुन्या मालाची किंमत लाखांत. गड्यानं ती मखमलीच्या पेटीतून काढली. दस्ता अक्रोडाचा, वर सोनेरी नक्षी. आप्पांनी नक्षीकडे बघितलंच नाही. बोल्ट काढला, नंबर वाचला. बॉडी फिरवली, नंबर वाचला. चष्मा पुसून दोन्ही परत वाचले.

‘‘नवरा एका मांडवातला, नवरी दुसऱ्या मांडवातली.’’

‘‘म्हणजे?’’

उत्तरादाखल आप्पांनी लाल खडू काढला. अक्रोडावर तो टेकायच्या आत पेटी बंद झाली. गाडीची धूळ बसेपर्यंत आप्पा रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘गाडीचंबी पुढचं चाक डावीकडं वढतंय.’’

आता एवढी तपासलेली रायफल करते काय, असा प्रश्न पडेल. काही करत नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. डुक्कर पिकात उभं राहून तोंडाकडं बघत असलं, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. आप्पा कायद्याचे पक्के. ते डबा वाजवतात. निवडणूक लागली की गावातल्या बऱ्याच परवानाधारकांबरोबर त्यांची रायफलही पौडच्या पोलीस ठाण्यात जमा होते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असं धरलं तर तिचं माहेर पौडच म्हणायला हवं. परत आली की पुन्हा घोंगडी, पुन्हा नख, पुन्हा गेज, मग दस्त्याला जवसाचं तेल. गावात नांगर गंजलेला सापडेल, ही रायफल नाही.

आप्पांनी आयुष्यात तिच्यातून गोळ्या झाडल्या एकूण ११. एका रायफल क्लबच्या रेंजवर, रीतसर, पैसे भरून. तो कागद अजून ट्रंकेत आहे. त्यावर नऊ भोकं आहेत. उरलेल्या दोन गोळ्या कागदाचा मान राखून बाजूनं गेल्या. आता झुबक्याचा सिद्धान्त आप्पांनीच आम्हाला शिकवलेला : गोळ्या एका मुठीत पडल्या, तर बंदूक पास. मूठ कुठंही पडू दे, माशी सरकवून ती मधोमध आणता येते. विखुरल्या, तर मात्र काहीतरी बिघडलंय. आप्पांच्या कागदावर भोकं फेकून पेरलेल्या नाचणीसारखी आहेत, त्यातली बरीचशी डावीकडे खाली.

कारण त्यांच्याकडे तयार आहे. ‘‘ताम्हिणीचा पाऊस. लाकूड पाणी पितं, दस्ता फुगतो, नळीला रेटतो. त्यात बंदुकीचा काय दोष?’’ सिद्धान्त खोटा नाही. लाकूड खरंच फुगतं आणि नळीला रेटा बसला की गोळीची जागा खरंच बदलते. फक्त त्या ११ गोळ्या मे महिन्यात झाडल्या होत्या, ही गोष्ट त्यांच्यासमोर काढायची नाही.

ती काढली नातीनं.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. ‘तपासनीस’ ऐकल्यावर आप्पा खुर्चीतून उठले : ‘‘आपल्यातला हाय!’’ त्याच उमाळ्यात त्यांनी पंधरा वर्षांच्या नातीला एअर रायफलच्या क्लासला घातलं. चार महिन्यांनी ती सुटीला गावी आली आणि कागद बघून म्हणाली, ‘‘आप्पा, मे महिन्यात लाकूड कसं फुगलं?’’

अंगणात कोंबड्यादेखील थांबल्या.

‘‘आपण नाण्याची टेस्ट करू,’’ ती म्हणाली. परवाना आप्पांच्या नावावर, म्हणून बंदुकीला तिचा हात लागणार नव्हता. तिचं फक्त नाणं. आप्पांनी दोनदा तपासून रायफल रिकामी केली, पितळेचं स्वतः घडवलेलं खोटं काडतूस आत घातलं, बोल्ट मिटला, समोरच्या मातीच्या बांधावर नेम धरला. नातीनं माशीच्या मागं नळीवर रुपया अलगद ठेवला. ‘‘आता चाप दाबा. रुपया पडता कामा नये.’’

खट्. रुपया घोंगडीवर.

‘‘हलका हाय. हल्लीची नाणी.’’

पाचाचं ठेवलं. खट्. तेही घोंगडीवर. आप्पांनी व्हर्निअर मागवला, नाण्याची जाडी दोन ठिकाणी मोजली, नळी पुसली, बैठक बदलली. तिसऱ्यांदा नाणं बादलीत पडलं, म्हणजे प्रगती उलट्या दिशेनं होती.

‘‘आप्पा, तुम्ही चाप ओढता. आणि सुटायच्या आधी डोळे मिटता.’’

‘‘मी?’’

‘‘तिन्ही वेळेला.’’

‘‘फटाक्यालाबी मिटत्यात,’’ आतून काकींचा आवाज आला. ‘‘लग्नाच्या वरातीपासनं बघते मी.’’

आप्पा बराच वेळ गप्प होते. त्यांनी बोल्ट काढला, नळीत नखाचा उजेड सोडला, बघितलं. गेज लावलं. नंबर वाचले. रायफलीत नेहमीसारखंच काही सापडलं नाही. तशी सवयीनं त्यांनी खिशात हात घातला. आम्हाला वाटलं, आता नाण्यावर लाल रेघ.

त्यांनी पिवळा खडू काढला. उजव्या हाताची तर्जनी उजेडात धरली, उलटसुलट नीट तपासली, आणि नखावर एक बारीक रेघ ओढली.

मग बादलीत हात घालून पाचाचं नाणं काढलं, धोतराला पुसलं आणि नातीच्या हातावर ठेवलं.

‘‘ठेव परत.’’