आजोबांचं साहेबी घड्याळ

नाशकातल्या प्रत्येक जुन्या वाड्यात एक साखळीचं घड्याळ असतं आणि ते कुणा गोऱ्या साहेबानंच खूश होऊन आजोबांना दिलेलं असतं. एवढी घड्याळं वाटत बसला तर साहेबानं राज्य कधी केलं, हे वाड्यात विचारायचं नसतं. तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी' दिसलं, की भाव लाखात जातो. ही स्विस घड्याळं हिंदुस्थानात ढिगानं खपली, असं म्हणणारा घरभेदी ठरतो. जुनं ते दुर्मिळच म्हणावं, तर इंगरसोलचं १८९६ चं एका डॉलरचं घड्याळही लाखोंनी निघालं होतं! जाणकार झाकण उघडून यंत्र पाहतो, अनुक्रमांक जुळवतो, तबकडी बदललेली तर नाही ना, हे तपासतो. आमच्याकडे झाकण उघडतच नाहीत. 'हात लावू नका, अँटिक आहे.' जुन्या नाण्यांच्या अभ्यासासाठी अंजनेरीला अख्खी संशोधन संस्था आहे. घड्याळाला मात्र एक काका पुरतात.

सराफ बाजारात निकाल दोन मिनिटांत लागतो. सराफ यंत्र बाजूला काढतो, झाकण काट्यावर ठेवतो आणि चांदीचा भाव सांगतो. निकेल निघालं, तर तेही सांगतो.