चढ, केळं आणि परतीची गाडी

धावणाऱ्या माणसाला गावं दाखवून उपयोग नसतो. आमच्या क्लबातल्या कुणालाही विचारा, सातारा कसा आहे? तो म्हणेल, "आधी सगळा चढ, मग सगळा उतार." मुंबई? "घाम लई, आणि पेडर रोड वाईट." पुणे? "पार्किंग नाही." अजिंक्यतारा, राजाबाई टॉवर, शनिवारवाडा आपापल्या जागी असतीलच, पण जाताना ते अंधारात असतात आणि येताना अंधार आमच्या डोळ्यांपुढे असतो.

क्लब म्हणजे काय, तर चिंचोळी एमआयडीसीतल्या तीन-चार कारखान्यांतली अशी माणसं, ज्यांच्या वार्षिक तपासणीच्या रिपोर्टात साखरेपुढचा आकडा ठळक छापून आला होता. क्वालिटीतले अण्णा, रिटायरमेंटला टेकलेले स्टोअरचे मामा, अकाउंट्सच्या मॅडम, एक ट्रेनी पोरगा आणि डिस्पॅचमधला मी. ट्रेनीची साखर उत्तम होती. तो फक्त फोटोसाठी आला आणि दुर्दैवाने त्याला धावता येतं असं निघालं. सगळ्यांत वेगवान मॅडम. त्या धावतानाही हिशेब करतात. शेवटच्या किलोमीटरला कुणाकडे किती वर्गणी थकली आहे ते मागे न बघता सांगतात, त्यामुळे आमचा वेग आपोआप कमी होतो.

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की बाळे, केगावचं विद्यापीठ, आणि पुढे कोंडी-पाकणीच्या अंगाला चिंचोळीची एमआयडीसी. इथून कॅमशाफ्ट परदेशी जातात, रसायनांचे टँकर देशभर जातात आणि पहाटे साडेचारला आम्ही निघतो, ते परत इथेच येतो. सोलापूरचा उन्हाळा चव्वेचाळीसपर्यंत चढतो, म्हणून उजाडायच्या आत उरकावं लागतं. रस्ते रुंद, सपाट, दोन्ही बाजूंना बाभळी आणि प्लॉट नंबराच्या पाट्या. एका फेरीचं अंतर किती, यावर क्लबात एकमत नाही, कारण घड्याळं पाच आणि उत्तरंही पाच. अण्णांचं घड्याळ सर्वांत उदार आहे. त्यात फेरी जास्त भरते आणि वेळ कमी लागतो.

प्रत्येक गेटची कुत्री वेगळी आणि त्यांची हद्द ठरलेली. एका प्लॉटचं टोळकं आम्हाला पुढच्या प्लॉटच्या टोळक्याच्या ताब्यात देतं, ते रीतसर पुढे नेतं. पुस्तकात ज्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात ते आम्हाला फुकट मिळतं. पाण्याच्या बाटल्या बाभळीमागे ठेवायची पद्धत आम्ही सुरू केली होती. ती भंगारवाल्याला इतकी आवडली की तो आमच्याआधी उठू लागला. पाकणीच्या डेपोतून निघालेले टँकरवाले मात्र दिलदार. काच खाली करून विचारतात, "बसा वो, मोहोळपतूर सोडतो. पैशे नको." मामांना हे निमंत्रण नाकारणं फार जड जातं.

एका गेटावरचे वॉचमन काका आमची प्रत्येक फेरी वहीत लिहीत. अण्णांनी एकदा विचारलं, "काका, आम्ही आत येतच नाही, मग नोंद कशाला?" काका म्हणाले, "उद्या साहेबांनी विचारलं, पहाटे गेटावरून कोण पळत गेलं, तर काय सांगू?" मामांनी वही बघायला मागितली. तारीख, वेळ, नाव, सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले होते आणि 'येण्याचे कारण' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: विनाकारण.

आमचा पहिला परगावचा दौरा नान्नजचा. परगाव म्हणणं जरा जास्तच होतं, पण डबे बांधून नेले होते. 1979 साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यालगतच्या रस्त्याने धावायचं, म्हणजे धावणंही होईल आणि पक्षीही दिसेल असा बेत. माळढोक आता इतके थोडे उरलेत की एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. आम्हाला दिसला नाही. एक काळवीट मात्र रस्ता ओलांडून गेलं. आमच्याकडे त्याने एकदा मान वळवून पाहिलं आणि पळायचंही टाळलं, चालतच गेलं. ट्रेनीला हा अपमान वाटला. मला ते जनावर अनुभवी वाटलं.

खरा प्रवास साताऱ्याचा. तिथली हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून पावसाळ्याच्या उतरत्या दिवसांत होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला वळसा मारायचा आणि परत उतरायचं, एकूण एकवीस किलोमीटर. डोंगरावरच्या एकाच शर्यतीत सर्वाधिक धावपटूंचा गिनीज विक्रम 2015 मध्ये तिथे झाला आहे. आता अडचण अशी की चिंचोळीत चढ नाही. आख्ख्या एमआयडीसीत जमिनीपासून वर जाणारी एकच गोष्ट, डिस्पॅचचा लोडिंग रॅम्प. मग पाळी सुटल्यावर सराव तिथे. पाच माणसं रॅम्पवर चढतात, प्लॅटफॉर्मला हात लावतात, उतरतात, पुन्हा चढतात. पहिल्या दिवशी फोर्कलिफ्टवाल्याने हॉर्न दिला, दुसऱ्या दिवशी वाट दिली, तिसऱ्या दिवशी काटा बघून म्हणाला, "सायेब, एवढ्या येळात दोन गाड्या भरून झाल्या असत्या."

शनिवारी भल्या सकाळी क्रूझर निघाली. मोहोळ, पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, सातारा. पंढरपुरात थांबायचं नाही असं निघतानाच ठरतं आणि गाडी थांबतेच. मामा दरवर्षी आळंदीपासून पायी येतात, दोन-अडीचशे किलोमीटर चालतात, आणि त्यांच्या पायाला फोड आल्याचं कुणाला आठवत नाही. आमच्या पायाला मात्र नवे बूट घालून बघितले तरी येतो. मामा कळसाचं दर्शन घेऊन आले तोवर मॅडमनी गाडीत आहाराचा तक्ता वाचून दाखवला. रेसच्या आदल्या दिवशी वजनाच्या दर किलोला इतके ग्रॅम कर्बोदकं घ्यायची, तेल-तूप टाळायचं, वगैरे.

तक्त्याची अंमलबजावणी गोंदवल्यात झाली. महाराजांच्या मंदिरात दुपारच्या प्रसादाची पंगत बसली होती. भात, आमटी, पुन्हा भात. वाढणारा सेवेकरी मागे लागला नव्हता, अण्णाच त्याच्या मागे लागले होते. चौथ्या वाढीला मॅडम म्हणाल्या, "अण्णा, वजनाच्या किलोमागे सांगितलंय." अण्णा म्हणाले, "मग माझं वजन बघा की."

गोंदवल्यापुढे गाडीत शांतता पसरली, थोडी भाताची आणि थोडी माण तालुक्याची. उघडे माळ, कोरडे ओढे. मामांनी सांगितलं की ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोहीची. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकात तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली; ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ती पहिली भारतीय. स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि प्रत्येक फेरीला एक पाण्याचा खड्डा, त्यावरून उडी मारायची. ट्रेनीने बाहेर बघत विचारलं, "इथं खड्ड्याचा सराव कुठं केला असेल?" मामा म्हणाले, "इथं पाणी असलेला खड्डा सापडला तर लोक उडी मारत न्हाईत बाळा, टँकर लावतात."

रविवारी पहाटे साताऱ्यात पाऊस आणि धुकं. अण्णा सोलापूरच्या सवयीने काळा चष्मा आणि उन्हाची टोपी घालून आले होते. यवतेश्वरच्या पहिल्या वळणावर ढग खाली उतरलेला पाहून ते थबकले आणि म्हणाले, "कुणाचा बॉयलर फुटला बे?" पुढे सहा किलोमीटर त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही. घाट रॅम्पसारखा नव्हता. रॅम्पला वरचं टोक असतं. इथे वळण संपलं की पुढचं वळण, आणि प्रत्येक वळणावर ढोल-ताशा वाजवणारे उत्साही सातारकर, "चला चला, आलंच आता" म्हणणारे. काय आलंच, ते कुणी सांगत नव्हतं. एका आजोबांनी माझ्या तळहातावर खडीसाखर ठेवली. रिपोर्टातला ठळक आकडा आठवला, तरीही खाल्ली. आजोबा छत्री धरून उभे होते. त्यांच्या समोरून हजारो माणसं भिजत, तोंड उघडं टाकून वर जात होती आणि ते प्रत्येकाला साखर देत होते.

ट्रेनीचे बूट कार्बन प्लेटचे, त्याच्या महिन्याच्या स्टायपेंडइतके. आदल्या रात्री लॉजवर त्याने ते उशाशी ठेवले होते. तेव्हा मामांनी त्याला फडेप्पा चौगुल्यांची गोष्ट सांगितली. 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली आणि त्यांना ऑलिम्पिकला धाडायचं मनावर घेतलं. बेळगावचे चौगुले त्यातून 1920 ला अँटवर्पला पोचले आणि मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ट्रेनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचा पेस काय होता?" मामांनी दिवा घालवला.

निकाल असा: मॅडम पहिल्या, ट्रेनी त्यांच्यामागे, मामा रमतगमत, मी, आणि अण्णा कटऑफच्या आत. साताऱ्याचं आम्ही काय पाहिलं? समर्थ मंदिरापाशी एक टेबल, त्यावर केळी. आणि कंदी पेढ्यांचं दुकान, जिथे आमच्या घड्याळांनी दाखवलेल्या कॅलरी अण्णांनी एका बैठकीत परत मिळवल्या.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी येते, आणि सोलापूरकरासाठी याहून अडचणीचा मुहूर्त शोधून सापडणार नाही. त्याच सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. आमच्या पॅकिंगमधला एक गडी नंदीध्वज पेलतो. पांढरी बाराबंदी, कमरेला बांधलेला पट्टा, अनवाणी पाय, आणि त्या पट्ट्यात उभा केलेला अजस्र ध्वज तोलत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा. असे सात नंदीध्वज मिरवणुकीत चालतात. धावण्यातला दम बघता हा आमच्या क्लबातला सर्वांत तयार माणूस. दरवर्षी आम्ही त्याला मुंबईला चल म्हणतो. दरवर्षी तो म्हणतो, "तुमचं काय वो, मोकळ्या हातानं पळता." मग मॅडम मेडलचं सांगतात. तो विचारतो, "ते घेऊन गर्दीतनं चालायचं असतंय का?" नाही म्हटल्यावर त्याचा रस संपतो.

म्हणून आम्ही गड्डा अर्धा टाकून शुक्रवारी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघतो. गाडीला तरी देवाचं नाव आहे एवढंच समाधान. सामानात शेंगाचटणी आणि कडक भाकरी, कारण मुंबईत रेसच्या आधी काय खावं यावर इंटरनेटवर वाद आहेत आणि भाकरीवर नाहीत. एक दिवस आधी जायचं ते बिब आणायला. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणि तो घ्यायला जिथे जावं लागतं त्या एक्स्पोत दुकानं इतकी की माणूस नंबर घेऊन बाहेर येईपर्यंत निम्मी मॅरेथॉन चालून होते.

सी-लिंकवर एरवी पायी माणसाला सोडत नाहीत. त्यामुळे तिथे पोचल्यावर अण्णा धावायचं विसरले आणि कठड्याशी उभे राहून घरी व्हिडिओ कॉल लावला. "हे बघ समुद्र. हे बघ बिल्डिंगी. हे बघ मामा गेले पुढं." यवतेश्वर चढलेल्या माणसाला पेडर रोड म्हणजे डिस्पॅचचा रॅम्प, अशी आमची समजूत होती. पण यवतेश्वरला दम लागतो तेव्हा निदान गार वाटतं. इथे सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेलं शरीर भिजून जड होतं आणि चढ येतो तो शर्यतीच्या शेवटाकडे, पाय आधीच राजीनामा देऊन बसलेले असताना. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिमूटभर मीठ घेऊन उभी असलेली मुंबई मात्र प्रेमळ. मामांनी एका काकूंकडून मीठ घेतलं आणि खिशातून पुडी काढून त्यांना शेंगाचटणी दिली. पुढे त्या काकूंचं काय झालं कळलं नाही.

संध्याकाळच्या वंदे भारतने रात्री सोलापूर. सोमवारी पहिल्या पाळीच्या बसमधून गेटावर जी माणसं पाठमोरी, दांड्याला धरून, एकेक पायरी उलटी उतरतात, ती आमची. वॉचमन काका त्यांचीही नोंद करतात.

सध्या ट्रेनीच्या डोक्यात कॉम्रेड्स आहे. दक्षिण आफ्रिकेत, दरबान आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांच्या मधे, 1921 पासून चालत आलेली सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत. एक वर्ष चढाच्या बाजूने, पुढच्या वर्षी बहुधा उताराच्या. वेळ बारा तास. "बारा?" अण्णा म्हणाले, "म्हणजे ओव्हरटाईम धरून एक पाळी." बारा तास भरले की एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बंदूक उडवतो आणि रेषा बंद. एक पाऊल अलीकडे राहिलेल्यालाही मेडल नाही. हे ऐकून मामांना टाईम ऑफिस आठवलं आणि त्यांनी त्या अधिकाऱ्याचं गाव कोणतं ते विचारलं.

ट्रेनीने रजेचा अर्ज दिला आहे. कारणाच्या जागी त्याने 'आफ्रिका येथे धावणे' असं लिहिलं. शॉप फ्लोअरच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, मग त्याच्या हजेरीचा कागद मागवला, त्यातल्या लाल खुणा मोजल्या आणि म्हणाले, "जा की. पण आधी महिनाभर बसस्टॉपवरून गेटापर्यंत सातच्या आत पळून दाखव."