नऊवारीपेक्षा एक वार कमी

कोल्हापुरात पुरुषाने गुडघे उघडे टाकावेत असे सर्वमान्य प्रसंग दोनच. एक, लंगोट कसून तालमीच्या मातीत उतरताना, आणि दुसरा, शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळताना. तिसरा प्रसंग अलीकडे आमच्याच घरात उद्भवला. एडिनबराला नोकरीला असलेल्या पुतण्याने तिथल्याच मुलीशी लग्न ठरवलं, आणि मुलीकडचे सगळे पुरुष किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालणार आहेत तर आपल्याकडच्या काका-मामांनीही घालावा, अशी गोड विनंती व्हिडिओ कॉलवर केली. फोन बंद झाल्यावर नवरदेवाचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, एवढंच म्हणाले, "आपल्याला नाही जमायचं ते." यात 'आपल्याला' म्हणजे फक्त त्यांना. मला जमेल हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

चौकशीला लागलो तेव्हा पहिला धक्का किमतीचा. अंगाचं माप घेऊन हाताने शिवलेला अस्सल लोकरी किल्ट चारशे पौंडांच्या पुढे जातो. त्यात कापड जातं आठ वार. हा आकडा ऐकून सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते लग्नाच्या बातमीनेही पसरलं नव्हतं. "म्हणजे आमच्यापेक्षा एक वार कमीच की! आणि एवढ्यासाठी तुम्ही लाजताय?" नऊवारी नेसून शेतात पाणी पाजणाऱ्या बायकांच्या घराण्यातली ती, तिच्यापुढे माझी लाज टिकणं शक्यच नव्हतं.

स्वस्तातला किल्ट तिकडेही मिळतो. एडिनबराच्या रॉयल माइलवर पर्यटकांसाठी अॅक्रिलिकचे किल्ट टांगलेले असतात आणि त्यांतले कितीतरी पाकिस्तानातल्या सियालकोटहून आलेले असतात. सियालकोट म्हणजे फुटबॉलचं गाव, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. बॅगपाइपही तिथेच बनतात. स्कॉटलंडची अस्मिता सियालकोटात शिवली जात असेल, तर ती राजारामपुरीत का शिवू नये, असा विचार मनात आला आणि मला एकदम हलकं वाटलं.

लोकर नको, हे तर आधीच ठरलं होतं. लोकरीशी आमचं वैर नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत खांद्यावर घोंगडी टाकलेले धनगर बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. पण घोंगडं पाठीवर टाकणं वेगळं आणि त्याच जातीचं काही उघड्या मांडीला लागणं वेगळं. परदेशी लोकर मऊ असेलही, तरी लग्न उरकून परत आल्यावर ती कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटात राहणार, तिला कुबट वास येणार आणि शेवटी कसर लागणार. चारशे पौंडांना कसर लागलेली बघायला काळीज लागतं. तेव्हा पॉलिएस्टर-व्हिस्कोस, बाजाराच्या भाषेत पी.व्ही. यात पॉलिएस्टर उष्णतेने घातलेली घडी धरून ठेवतं आणि व्हिस्कोस घाम टिपतं. शिवाय घरी धुता येतं. तिकडचे बँडवालेही पावसाळी हवेसाठी पी.व्ही.चे किल्ट घालतात असं कळल्यावर उरलीसुरली टोचणीही गेली.

कापडासाठी गांधीनगरला गेलो. स्वस्त कापड म्हणजे गांधीनगर, यात कोल्हापूर जिल्ह्यात दुमत नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी वळिवड्याच्या ज्या छावणीत हा बाजार उभा केला, तिथे त्याआधी १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे निर्वासित राहत होते. दुसऱ्या महायुद्धात घरदार हरवलेले हजारो पोलिश बायका-मुलं-म्हातारे पंचगंगेच्या काठी संसार मांडून होते. त्यामुळे गोऱ्यांच्या चालीरीतींचं या जागेला वावडं असायचं कारण नाही. दुकानदाराने मात्र मी 'चौकडीचं कापड, पी.व्ही.' म्हणताच न बघता विचारलं, "कुठल्या शाळेचं?"

आणि त्याचं बरोबरच होतं. त्याने ताग्यांवर तागे टाकले. लाल चौकडी, हिरवी-निळी चौकडी, करड्यावर पिवळी रेघ. स्कॉटलंडातले सरदार ज्या टार्टनवरून, म्हणजे घराण्याच्या चौकडीवरून, मिशीला पीळ देतात, त्याची सख्खी-चुलत भावंडं आमच्याकडे पाचवी ब चा स्कर्ट म्हणून रोज सकाळी रिक्षात कोंबली जातात. यात कुणाचा अपमान नाही. एका घराण्याला एक टार्टन ही व्यवस्थाच मुळी फार जुनी नाही. १७४७ पासून १७८२ पर्यंत हायलँडी पोशाखावर ब्रिटिश सरकारची बंदी होती. पुढे १८२२ साली चौथा जॉर्ज एडिनबराला आला, वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा थाट टार्टनमध्ये बांधला, आणि मग जो तो आपलं टार्टन शोधायला लागला. बॅनकबर्नचे विल्सन नावाचे विणकर तेव्हा नमुन्यांच्या वह्या बाळगून होते आणि एकेका नमुन्याला एकेका घराण्याचं नाव देऊन कापड विकत होते. १८४२ मध्ये तर दोन भावांनी एका जुन्या हस्तलिखिताच्या नावावर घराण्यांच्या टार्टनचं आख्खं पुस्तक छापलं, आणि ते हस्तलिखित बनावट निघालं. एवढं वाचल्यावर गांधीनगरच्या पेढीवर बसून टार्टन निवडायला मला कसलाच संकोच वाटला नाही.

निवडायचं तरी कुठलं? आमचं आडनाव काही हायलँडच्या यादीत नाही. बंधूंनी बाहेर राहून सल्ला दिला, "फ्रेझरचं घे." शाहू महाराजांचे शिक्षक स्टुअर्ट फ्रेझर, त्यामुळे फ्रेझर आपल्या घरचेच, हे त्यांचं तर्कशास्त्र. फ्रेझरांचं टार्टन म्हणजे लाल जमीन, तीत निळे-हिरवे पट्टे आणि मधून एक बारीक पांढरी रेघ. दुकानदाराकडे तंतोतंत नव्हतं, पण जवळचं निघालं. तांबडा भरपूर आणि पांढरा बेताचा, हे प्रमाण बघून मी पुढे काही बघितलंच नाही.

आता पारख. आमचे वडील शाहू मिलमध्ये होते. महाराजांनी १९०६ साली काढलेली ती मिल आता बंद आहे, पण तिने आमच्या घरात कापड बघायची एक रीत ठेवली. कापड आधी चिमटीत चोळायचं, मग उजेडाला धरायचं, मग मुठीत घट्ट दाबून सोडायचं आणि सुरकुती किती वेळात उलगडते ते बघायचं. उजेड आरपार आला तर तागा परत. एक धागा ओढून काडी लावायची. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो, व्हिस्कोसची कागदासारखी राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. आमच्या धाग्याचा मणीही झाला आणि थोडी राखही. दुकानदार म्हणाला, "साहेब, लग्नाला चाललाय का तपासणीला?"

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काठ. किल्टची खालची कड दुमडून शिवलेली नसते, कापडाचा काठच तिथे येतो. म्हणून दुहेरी पन्ह्याचं चार वार कापड घेऊन ते लांबीत मधोमध कापतात, दोन पट्टे जोडून आठ वार करतात, जोड एका निरीच्या पोटात लपवतात आणि दोन्ही पट्ट्यांचे काठ खाली ठेवतात. सुमार किल्टला खाली मशीनची दुमड दिसली की समजावं, इथे हात आखडला. आमच्या ताग्याला मात्र काठावर गिरणीचं नाव पांढऱ्या अक्षरांत छापलेलं होतं. ते गुडघ्याभोवती मिरवत लग्नाला जाणं म्हणजे जाहिरातीचे पैसे सोडण्यासारखं. शेवटी दुमडच घालावी लागली, पण आतून, हाताने तुरपून.

शिंपी शोधायला वेळ लागला नाही. शाळांचे स्कर्ट शिवण्यात ज्यांची हयात गेली असे एक मास्तर राजारामपुरीच्या एका गल्लीत आहेत. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो जवळ घेतला. "प्लेटा सगळ्या मागं? आणि पुढं सपाट? उलटं घातलंय की ह्यानं." नाही, असंच असतं, म्हटलं. धोतराच्या निऱ्या पुढे, साडीच्या पुढे, मग यांच्याच मागे का, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि "असंल बाबा, बसताना त्यांचं ते बघतील," म्हणून टेप काढली.

पुढे मात्र मास्तरच मला शिकवत होते. स्वस्तातल्या किल्टचं बिंग निऱ्यांत फुटतं. आठ वारांऐवजी चार-पाच वारांत भागवायचं असलं की निरी उथळ घ्यावी लागते. बाहेरून दिसते तेवढीच, आत काही नाही. दुकानात टांगलेल्या किल्टची एक निरी नुसती उलगडून बघितली तरी खरं-खोटं कळतं. दुसरी खूण चौकड्यांची. निऱ्या अशा मोडायच्या की मागून बघणाऱ्याला चौकडी अखंड दिसावी, जणू घडी पडलीच नाही. हे मास्तरांना सांगावं लागलं नाही. "चेक्स तुटला की शिंप्याचं नाव गेलं," असं म्हणून त्यांनी प्रत्येक निरी टाचणीने धरली, कमरेपासून नितंबापर्यंत कच्चा टाका घातला, मग पक्का. अस्तर सुती. एवढं झाल्यावर ओलं फडकं ठेवून अशी इस्त्री मारली की पॉलिएस्टरने आयुष्यभराची शपथ घेतली असेल.

लांबीचं माप त्यांना पसंत पडलं नाही. दोन्ही गुडघ्यांवर बसल्यावर कड जमिनीपासून इंचभर वर राहिली पाहिजे, असं तिकडचं शास्त्र. मी दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून बसलो तेव्हा एक पालक मुलीचा स्कर्ट घ्यायला आत आल्या आणि "मास्तर, नंतर येते" म्हणून परत फिरल्या.

पट्टे आणि बकलांसाठी चपलांच्या दुकानांची पापाची तिकटी गाठली. किल्ट घट्ट राहतो तो दोन-तीन चामडी पट्ट्यांवर, आणि स्वस्त मालात नेमके तेच रेक्झिनचे असतात. ते भर समारंभात तुटले तर दोन्ही देशांचे संबंध बिघडायचे. चपलांच्या कारागिराने पट्टे असे कापले की किल्ट झिजेल, पट्टा नाही. पुढे लटकवायच्या स्पोरनचा फोटो बघून तो म्हणाला, "ही तर चंची!" आणि खरंच, कमरेला पानाची चंची खोचणाऱ्या आजोबांना हे प्रकरण क्षणात कळलं असतं. त्याने ती चपलेच्याच चामड्याची केली, गोंडा लावून. वर विचारलं, "करकर वाजायला पाहिजे का?"

उरला एकच प्रश्न, वजनाचा. लोकरी किल्ट दीड-दोन किलोंचा असतो, म्हणून वाऱ्याला दाद देत नाही आणि चालताना मागे झोकात हलतो. पी.व्ही. त्या मानाने हलकं. चाचणी म्हणून एका संध्याकाळी रंकाळ्यावर जावं असं पुतण्याने सुचवलं. त्याला काय जातंय एडिनबराहून सुचवायला. मी गच्चीवर गेलो. दुपारचा चांगला वारा होता. निऱ्यांनी बऱ्यापैकी अब्रू राखली, कारण आठ वार कापड कितीही हलकं असलं तरी आठ वारच असतं.

खाली आलो तर बंधू सोफ्यावर बसलेले. नको नको म्हणत त्यांनी जवळ बोलावलं, कड चिमटीत धरून चोळली, मागची एक निरी उलगडून आतपर्यंत बघितली, चौकडी जुळते का ते चष्मा लावून तपासलं. मग मास्तरांचा नंबर मागितला.

"मला करायचा तर याहून जाड कापडाचा," ते म्हणाले. "मी नवरदेवाचा बाप आहे. माझा उडता कामा नये."